चवदार बिस्किटाची धास्ती

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये राहून गव्हाला घाबरणारा माणूस त्या काळात मी एकटाच होतो. बाकीचे लोक वाघाला घाबरत, अस्वलाला घाबरत, बदलीच्या ऑर्डरला घाबरत. मी कणकेला घाबरत असे. रस्त्यात पिठाची चक्की लागली की श्वास रोखून पलीकडच्या बाजूनं जाई. चक्कीवाला ओळखीचा, तो बिचारा हात हलवी. मी नुसती मान हलवून पळ काढी. (त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा असायचा. तो हलवल्यावर हवेत काय काय उडत असेल, विचार करा.)

मुळात मी भित्रा माणूस. पाल, ऑडिट, सासऱ्यांचं खाकरणं, या सगळ्याला मी लहानपणापासून किंवा लग्नापासून घाबरत आलो आहे. पण गव्हाची भीती मला नागपूरच्या डॉक्टरांनी लावली.

आमची मिनू तेव्हा आठ वर्षांची होती. वर्षभर तिचं पोट दुखत होतं, फुगत होतं, आणि हातपाय मात्र काड्यांसारखे होत चालले होते. शाळेच्या प्रार्थनेत पोरं उंचीप्रमाणे उभी करतात. आधी मधे उभी राहणारी आमची पोट्टी हळूहळू रांगेत सगळ्यांत पुढे आली, कारण बाकीची वाढली आणि ही तिथंच राहिली. जंताचं औषध झालं, काढा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन नावाचं काहीतरी असतं, ते हिच्या आतड्यांना सोसत नाही.

"कमी द्यायचं का मग?" मी विचारलं.

"कमी नाही. एक कणही नाही. सहा महिन्यांनी परत आणा. वजन वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर पुढं काय करायचं ते बघू."

पुढं म्हणजे काय, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. परतीच्या बसमध्ये मिनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि मी तिच्या मनगटाभोवती माझी दोन बोटं गुंफून बसलो होतो. ती सहज गुंफली जात होती, वर जागा उरत होती. मला तेव्हा इतकी भीती वाटली की गोंदियापर्यंत मी बोटं सोडवलीच नाहीत.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं, बालाघाट म्हणजे धानाचा मुलूख, भात खाऊ घाला. खरं आहे. पण आमच्या घरात पोळी हा मान होता. वडील जंगल खात्यात बाबू झाले तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही वेळा गव्हाची पोळी असे, आणि ती आहे हे शेजाऱ्यांना कळावं अशा बेतानं आई ती अंगणात शेगडी मांडून भाजत असे. त्या आईला मी नागपूरहून आल्या आल्या सांगितलं, "आजपासून घरात गहू बंद."

"काहून? गव्हानं काय केलं तुहं?" आईनं विचारलं.

मी ग्लुटेन समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गहूच सोसत नाई म्हणते? तो तर देवाले चालते."

तरी नातीसाठी तिनं पोळीचा मान सोडला. गव्हाची कोठी धाकट्या काकांकडे गेली. पोळपाट, लाटणं, तवा, परात, सगळं नवं आणलं. मिक्सर नवा आणला. मग मी बाजारातून चिकटपट्ट्या आणल्या, हिरव्या आणि लाल, आणि घरभर लेबलं लावत सुटलो. हिरव्यावर 'फक्त तांदूळ' आणि लालवर 'गव्हाचा संशय'. मिक्सरवर फक्त तांदूळ, तव्यावर फक्त तांदूळ. हिंगाच्या डबीवर गव्हाचा संशय (हिंगात कणीक मिसळतात हे मला माझा मेव्हणा राजू यानं फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी मी डबीसकट हिंग नाल्यात टाकला). माझी बायको शोभा मुकाट्यानं बघत होती. एकदाच म्हणाली, "अहो, हे देवघरातल्या घंटीवर काहून लावलं?"

"तिथं प्रसादाचा शिरा ठेवून राह्यली होती आई."

"मागच्या श्रावणात?"

"कण कुठं जाते का उठून?" मी म्हणालो.

मी एक भिंगही आणलं. दांड्याचं, पितळी कड्याचं. ते मी कायम शर्टाच्या खिशात ठेवी. मिनूच्या ताटातली तांदळाची भाकर मी आधी भिंगातून तपासत असे, अगदी भाकरीला टेकवून, कारण दुरून नीट दिसत नसे. मिनू हात मांडीवर ठेवून वाट बघे. मी "हौ, खा" म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही असा नियम होता. आपल्या लेकरासाठी एवढं करणारा बाप पंचक्रोशीत नसेल, असं मला त्या वेळी वाटे. (मी स्वतः गहू पूर्णपणे सोडला होता. म्हणजे घरात. ऑफिससमोरच्या टपरीवर चहासोबत खारी होई, पण ती बाहेर, आणि घरी येताना मी शर्ट झटकत असे. तेव्हा त्याचा प्रश्नच नव्हता.)

पहिल्या महिन्यात मिनू बरी वाटू लागली. मग तिला बिस्किट हवं झालं. शाळेत सगळ्या पोरींच्या डब्यात बिस्किटं, आणि हिच्या डब्यात रोज धिरडं. एक दिवस घरी येऊन ती नुसती कोपऱ्यात बसून राहिली. मी राजूला फोन केला. राजू म्हणजे शोभाचा भाऊ, नागपूरला असतो. त्यानं कुठल्याशा मोठ्या दुकानातून एक खोका शोधून काढला आणि बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवून दिला.

तो पुडा मी आजही विसरलो नाही. हिरवागार पुठ्ठ्याचा खोका, वर गव्हाच्या लोंबीवर मारलेली लाल फुली, आणि मोठ्या अक्षरांत 'ग्लुटेन फ्री'. मी तो भिंगातून चारी बाजूंनी वाचला. तांदूळ, मका, साखर. गव्हाचं नाव नाही. मला तर त्या पुड्याला नमस्कार करावासा वाटला. चवीला ती बिस्किटं पाटीवरच्या खडूसारखी होती, पण त्यामुळे माझा विश्वास आणखीच वाढला. एवढं बेचव आहे म्हणजे नक्कीच शुद्ध असणार.

आईला मात्र राग आला. "माह्या हातचं तू भिंग लावून पाहतं, अन् कारखान्यातलं तसंच चालते?"

"आई, त्याच्यावर लिहलं आहे."

"लिहलं तर आपल्या नळावर बी आहे, पिण्याचं पाणी म्हणून."

मी वाद घातला नाही. छापील गोष्टीवर माझा विश्वास आहे, मी सरकारी नोकर आहे.

आणि मग मिनूचं पोट पुन्हा दुखू लागलं.

संध्याकाळ झाली की ती पाय पोटाशी घेऊन पडून राही. रडत नसे, तेच वाईट. मी वजनकाट्यावर तिला उभं करी आणि काटा बघायला माझे डोळेच उघडत नसत, शोभाला बघायला लावी. वाढलेलं वजन परत उतरत होतं. मी घरातला संशयी शोधू लागलो. मसाल्याचे डबे रिकामे केले. दूधवाल्याला विचारलं, तू पोळी खाऊन म्हैस दोहतो का? (तो दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाबाहेरूनच भांडं पुढे करू लागला.) आईची तर मी पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. नखं तपासली, पदर झटकायला लावला.

"विनू, मी तुही माय आहो," आई म्हणाली.

"माय आहे म्हणूनच विचारून राह्यलो. काकांच्या घरी गेलती का तू? पोळीले हात लावला का?"

एकदा मिनूच म्हणाली, "बाबा, ते बिस्किट खाल्लं का मले दुखते."

"बिस्किटानं कसं दुखन? त्याच्यावर लिहलं आहे ना बेटा," मी म्हणालो, आणि राजूला आणखी पुडे पाठवायला सांगितले.

मग काय झालं कोणास ठाऊक, दुखणं हळूहळू थांबलं. पुडे येत होते, संपत होते, आणि मिनू बिस्किटं आवडीनं खात होती. तिचे गाल भरू लागले. काटा पुन्हा वर सरकू लागला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे, चांगल्या मालाला तोड नाही. डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ आली होती आणि मी जरा सैलावलो होतो. माझ्यासारख्या माणसानं सैलावू नये.

लांजीला शोभाच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. आम्ही चौघंही बसनं निघालो. मिनूसाठी वेगळा डबा, वेगळं पाणी, वेगळा चमचा, आणि एक नवाकोरा हिरवा पुडा. बसमध्ये शिरतो तोच मी दारातच अडलो. आमच्या समोरच्या सीटवर एक टोपीवाले काका बसले होते आणि त्यांच्या पायाशी पिठाची पोती होती. पांढरी, भुरभुरणारी.

"काका, कशाचं पीठ आहे?" मी विचारलं.

"गव्हाचं. पोरीच्या घरी नेऊन राह्यलो. काहून?"

मी घरच्यांना उठवून मागे नेलं. मागे एक बाई लेकराला टोस्ट भरवत होती. परत पुढे आणलं. मधे एकानं समोशाचा कागद उघडला. आम्ही तिसऱ्यांदा उठलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "भैया, आप लोग बैठने आए हैं कि टहलने?" शेवटी काकांसमोरच बसलो. मी मिनूच्या नाकाला रुमाल धरला आणि पोत्यांकडे बघत राहिलो, जशी ती उठून अंगावर येणार होती.

किरनापूर मागे पडलं तेव्हा मिनूला भूक लागली. शोभानं हिरवा पुडा फोडून तिला बिस्किटं दिली. काकांनी कौतुकानं विचारलं, "कोणतं बिस्किट आहे हो हे?"

झालं. विचारणारा भेटला की माझी भीती पळते आणि मास्तरकी सुरू होते. मी काकांना ग्लुटेन सांगितलं, आतडी सांगितली, लोंबीवरची लाल फुली दाखवली. "याच्यात गव्हाचा एक कण निघणार नाही, काका. आपल्या घरात चूक होऊ शकते, कारखान्यात होत नाई. हे पाहा, मी खाऊन दाखवतो. जरा खडूसारखं लागते, पण शुद्ध."

मी बिस्किट दातांखाली धरलं.

बिस्किट चवदार होतं.

इतकं चवदार की जिभेवर विरघळलं. गूळ, तूप, वेलची. काका म्हणाले, "काय झालं? खडू लागला का?" पण मी मनात हिशेब मांडत होतो. ते बिस्किट त्या कारखान्याचं असूच शकत नव्हतं. इतकं चांगलं लागायला त्यात मैदाच पाहिजे. आणि मिनूनं माझ्यासमोर तीन-चार खाल्ली होती.

"थुंक," मी मिनूला म्हणालो.

"काहून?"

"थुंक म्हणतो ना. शोभा, पाणी. ड्रायव्हर साहेब, गाडी रोको!"

गाडी थांबली. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली रिकामी शेतं, माणूस नाही, घर नाही. बसमधले सगळे उठून आमच्याभोवती जमले. "बच्ची को क्या हो गया?" "मिरगी है क्या?" "जूता सुंघाओ." टोस्टवाल्या बाईनं मिनूच्या कपाळाला हात लावला आणि मी ओरडलो, "हाथ मत लगाइए!" (त्या बाईनं नंतर लांजीपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.) मी डोळ्यांपुढे काय काय आणत होतो ते सांगता येत नाही. नागपूरचे डॉक्टर मान हलवत होते. मिनू पुन्हा रांगेत सगळ्यांत पुढे उभी होती. सहा महिने राबून भरलेले ते गाल माझ्या देखत उतरत होते, आणि बिस्किटाचा पुडा मीच राजूकडून मागवला होता. मला रडू यायला लागलं होतं, आणि भर बसमध्ये रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पुडाच चुरगळायला सुरुवात केली.

"बाबा, मले काही नाई झालं," मिनू म्हणाली. तिनं तोंडातलं थुंकलंही नव्हतं. उलट ती चावत होती.

"तुले नाई कळत. हे बिस्किट बदललं आहे कोणीतरी."

यावर मिनूनं माझ्या आईकडे पाहिलं. आईनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर काहीच नव्हतं.

मी पुडा उलटा केला. तळाकडची घडी उघडून परत चिकटवलेली होती, आणि ती कारखान्याच्या गोंदानं चिकटवलेली नव्हती. तिथं अख्खं भाताचं शीत वाळून बसलं होतं.

"आई," मी म्हणालो.

"गाडी चालू कर म्हणा त्याले," आई म्हणाली. "लोकाईले लग्नाले जायचं आहे."

"आई, हे काय आहे?"

बसमध्ये एवढी शांतता झाली की ड्रायव्हरनं इंजिनही बंद केलं, ऐकू यावं म्हणून.

"पोरगी तुले सांगे, बिस्किटानं दुखते. तू म्हने, लिहलं आहे," आई म्हणाली. "मग ते मले सांगू लागली. मी म्हटलं, नको खाऊ, मी देतो करून. पन तुले कळलं असतं तं तू ते भिंग घेऊन माह्या मागं फिरला असता. म्हनून तुह्याच खोक्यात भरले. खालून उघडायचे, भाताच्या शितानं लावून द्यायचे."

"अन् आतली बिस्किटं?"

आई परत खिडकीकडे वळली.

"आजी खाते," मिनू म्हणाली. "चहात बुडवून."

"फेकायची कशी मग? इतक्या लांबून येतात," आई म्हणाली. "बुडवली का बरी लागतात."

आईनं काम फार बारकाईनं केलं होतं. कुंकवाच्या डबीच्या झाकणानं तिनं कारखान्याच्या मापाच्या चकत्या पाडल्या होत्या आणि काडेपेटीच्या काडीनं प्रत्येकीवर भोकं टोचली होती, मूळ बिस्किटावर होती तितकीच. शोभाला हे सगळं माहीत होतं. तिचं तोंड बघूनच मला कळलं. घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

पण माझी भीती अजून उतरली नव्हती. "पीठ कुठचं?" मी विचारलं. "चक्कीवर दळलं का? आई, खरं सांग. चक्कीवर आधी गहू दळतात."

"चक्कीवर कायले जाऊ मी? मिक्सरात केलं. तूच तर चिठ्ठी लावली त्याच्यावर, फक्त तांदूळ."

काका म्हणाले, "मग झालं ना बाप्पा. घ्या गाडी."

गाडी सुटली, मी सीटवर बसलो. तरी एक गोष्ट उरतच होती. मिनूला दुखायचं ते मूळ बिस्किटानं, आणि मूळ बिस्किटावर तर लोंबीला फुली होती. मी उघडलेला तळ उलगडला. घडीच्या आत, जिथं गोंद असतो आणि जिथं खोका न फाडता कोणाची नजर जात नाही, तिथं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ होती. मी खिशातून भिंग काढलं आणि हलत्या बसमध्ये ती ओळ जोडत जोडत वाचली. ज्या यंत्रांवर हा माल बनतो त्याच यंत्रांवर गव्हाचा मालही बनतो, यात गव्हाचा अंश असू शकतो.

चारी बाजू मी वाचल्या होत्या. पाचवी वाचली नव्हती. आणि ज्या माणसानं देवघरातली घंटी सोडली नाही, त्यानं तो पुडा महिनाभर आपल्या हातानं पोरीला भरवला होता. मी मिनूला जवळ ओढलं. बाप म्हणून काहीतरी करायला हवं म्हणून मी तिच्या हातातलं अर्धं बिस्किट घेतलं आणि सवयीप्रमाणे भिंग त्याला टेकवायला गेलो.

"नको!" मिनू एकदम मागे सरकली. सबंध गोंधळात ती पहिल्यांदाच घाबरली होती.

"काहून? मी पाहून देतो ना."

"तुमचं भिंग नका लावू, बाबा. तुम्ही पाहता ते मी खात नाई. वरचा तुकडा काढून टाकतो रोज."

"काहून पण?"

मिनूनं बोट दाखवलं. आईनं भिंग माझ्या हातून घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि पितळी कड्याच्या खाचेत पाहिलं. मग तिनं ते काकांना दिलं. काकांनी खाच नखानं खरवडली, नखावर आलेलं उजेडात धरलं आणि निर्वाळा दिला.

"खारी आहे."

"खिशात खारी असते बाबांच्या," मिनू काकांना समजावून सांगू लागली, माझ्याच आवाजात. "ऑफिसातून येताना उरलेली. शर्ट झटकतात, पण खिसा नाई झटकत."

बस हसत होती. टोस्टवाली बाई सगळ्यांत जास्त. मी खिसा उलटा केला. त्यातून जो चुरा पडला त्याकडे बघून टोपीवाल्या काकांनी आपली पिठाची पोती पायानं हळूच मागे ओढली. माझ्यापासून जपून.

पुढच्या आठवड्यात नागपूरला गेलो. डॉक्टरांनी वजन पाहिलं, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, छान, काळजी फार चांगली घेतली आहे घरात. शोभानं आईकडे पाहिलं. आईनं मिनूकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी मिनूच्या मनगटाभोवती बोटं गुंफून पाहिली. ती पोचत नव्हती. मी तिथंच पायरीवर बसून रडलो आणि मिनू मला म्हणाली, "बाबा, लोकं पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो तर सगळे माझ्या छातीकडे बघून हसत होते. शेवटी साहेबांनी जवळ बोलावलं, चष्मा चढवला आणि माझ्या शर्टाच्या खिशाखाली, शिवणीजवळ लावलेली लाल चिकटपट्टी मोठ्यानं वाचून दाखवली: 'यात गव्हाचा अंश असू शकतो.' मिनूनं मुद्दाम मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. सहा महिन्यांत मी आणलेल्या लेबलांमध्ये पूर्ण खरं निघालेलं ते एकच, आणि तेही मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं, कारण भिंग मिनूनं जप्त केलं होतं.